अडीचशे मायक्रॉनची पदवी

मुलीची पदवी मी प्लास्टिकमध्ये घालून आणली. खराब होऊ नये म्हणून. आता ज्याला हसायचं असेल त्याने इथेच हसून घ्यावं, पुढे मध्ये मध्ये मला थांबवू नये. माझं डोकं आधीच फिरलेलं आहे.

शनिवारी सकाळी पत्र आलं. मुलगी दीड वर्ष अर्ज करत होती आणि दीड वर्ष एकच उत्तर येत होतं, ‘आम्हाला खेद वाटतो.’ माझी बायको गेली तेव्हासुद्धा इतक्या लोकांना खेद वाटला नव्हता. या पत्रात मात्र खेद नव्हता. पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेने तिला निवडलं होतं, आणि अर्जात लिहिलेल्या सगळ्या शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रं घेऊन शुक्रवारी अकरा वाजता बोलावलं होतं.

माझी एकतीस वर्षं पाण्याचे मीटर दुरुस्त करण्यात गेली. पाणी किती गेलं ते मी सांगायचो, आता पाण्यात काय आहे ते माझी मुलगी सांगणार. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी दूध आणायला म्हणून खाली उतरलो आणि वाटेत तीन घरांत सांगून आलो की मुलगी शास्त्रज्ञ झाली. दूध राहिलं.

पदवी कपाटात होती, उशीच्या अभ्र्यात. हिने ठेवलेली. ही म्हणजे माझी बायको. नऊ महिने झाले तिला जाऊन. पदवी बघायची झाली तर ती आधी साबणाने हात धुवायची, मग पुसायची, मग वाळायची वाट बघायची. मी एकदा म्हणालो, “अगं, कागद आहे तो, बाळ नाही.” तर दोन दिवस बोलली नाही.

आमचं मोठं भांडण या पदवीवरूनच झालं होतं. बारावीनंतर मुलीला कुठे घालायचं? मी म्हणालो, घराजवळ कॉलेज आहे, चालत जाईल, चालत येईल. रसायन कुठेही उकळलं तरी वाफच येते. ही म्हणाली, “ते काही नाही. मोठ्या विद्यापीठातच घालायची. अहो, तिथला शिक्का बघून दारं उघडतात.” आणि घातली. त्यासाठी हिने रात्रंदिवस शाळेचे गणवेश शिवले. कुठली दारं उघडतात ते हिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलगी तिथून पहिल्या वर्गात बाहेर पडली आणि मग दारं सुरू झाली. एक म्हणाले, तुम्ही फार शिकलेल्या आहात, टिकणार नाही. दुसरे म्हणाले, अनुभव नाही. तिसऱ्यांनी दोन तास मुलाखत घेतली, ‘वा, त्या विद्यापीठाच्या का!’ असं चार वेळा म्हणाले, आणि मालकाच्या पुतण्याला घेतलं. म्हणजे भांडण मी जिंकलो. पण जिंकलो तेव्हा समोर कोणी नव्हतं. असं जिंकण्यासारखी घाणेरडी गोष्ट नाही. मला हरायला चाललं असतं.

असो. तर पत्र आलं, मी अभ्र्यातून पदवी काढली. एका कोपऱ्याला घडी पडली होती. मला वाटलं, शुक्रवारी साहेबासमोर हे असं ठेवायचं? माझ्या धंद्यात एक नियम होता, जी वस्तू महत्त्वाची ती सील करायची. सील केलेल्या मीटरला कोणी बोट लावत नाही. मी पदवी घेऊन थेट झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

तो म्हणाला, “काका, साधं घालू का जाड?”

“जाडात काय विशेष?”

“साधं शंभर मायक्रॉन. जाड अडीचशे. जाड घातलंत तर पाण्यात पडू द्या, काही होणार नाही. उंदराने धरलं तर उंदराचे दात पडतील.”

“मग जाडच घाल.”

मायक्रॉन म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. यंत्रातून पदवी बाहेर आली तेव्हा गरम होती, चकाकत होती आणि फळीसारखी ताठ झाली होती. झेरॉक्सवाल्याने ती काउंटरवर आपटून दाखवली. खाडकन आवाज आला. “बघा,” तो म्हणाला, “आता ही आपल्या दोघांच्या मागे राहील.”

घरी मुलगी भाजी चिरत होती. मी पदवी तिच्यासमोर धरली. तिने विळी बाजूला सरकवली आणि नुसती बघत राहिली. मला वाटलं, भरून आलं.

“बाबा,” ती म्हणाली, “पत्र पूर्ण वाचलंत का?”

“वाचलं की.”

“मागून?”

कागदाला मागची बाजू असते हे मला मान्य आहे. पण आनंदाची बातमी माणूस पुढूनच वाचतो. मागे बारीक अक्षरात सूचना होत्या. चौथी सूचना अशी, की पदवीच्या मूळ प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूवर विद्यापीठाचा पडताळणीचा शिक्का घेऊन यावे. लॅमिनेशन केलेले प्रमाणपत्र कोणत्याही परिस्थितीत स्वीकारले जाणार नाही.

कोणत्याही परिस्थितीत. माझी परिस्थिती त्यांनी आधीच धरली होती.

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “जाऊ दे बाबा, बघू,” आणि पुन्हा भाजी चिरायला लागली. तिची आईसुद्धा फार चिडली की असंच म्हणायची.

मी झेरॉक्सवाल्याकडे परत गेलो. म्हटलं, काढ. तो म्हणाला, “काका, घालायचं यंत्र असतं, काढायचं नसतं.” वर म्हणाला, “मी विचारलं होतं, साधं का जाड.”

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. लोकांना शास्त्रज्ञ झाल्याचं कळायला मी जिने उतरलो होतो. हे कळायला मला कुठे जावं लागलं नाही.

पहिल्या आल्या समोरच्या वहिनी. त्यांनी पदवी उलटसुलट केली, नखाने खरवडली आणि म्हणाल्या, “केस वाळवायचं यंत्र फिरवा, सुटतं.” मग बसल्या. बसल्या म्हणजे भाचा येणार हे मला ठाऊक होतं. “आमच्या भाच्याचं बघा, भाऊजी. दहावीला दोनदा बसला, दोनदा उठला. आज एसी दुरुस्त करतो. दारात स्वतःची गाडी. त्याला अजून कोणी प्रमाणपत्र विचारलं नाही. मी तुम्हाला तेव्हाच म्हणाले होते, एवढं शिकवू नका.”

“तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की भाच्याला शिकवणी लावायला माझ्या मुलीला वेळ आहे का.”

“तेच ते,” वहिनी म्हणाल्या.

मग वरच्या मजल्यावरचे बँकवाले साहेब आले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून समोरचा माणूस कर्ज मागायला आल्यासारखं बघतात. ते म्हणाले, “उष्णता अजिबात नको. थंडीने वस्तू आकसते. रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा, सकाळी प्लास्टिक आपोआप सोडेल.” मी ठेवली. कप्पा लहान, पदवी ताठ, म्हणून दार अर्धं उघडं राहिलं. सकाळी प्लास्टिकने काही सोडलं नव्हतं, पण फ्रीजने पाणी सोडलं होतं. दूध नासलं, भाजी गेली. पदवी तेवढी कोरडी ठणठणीत. झेरॉक्सवाला खोटं बोलला नव्हता.

सोमवारी माझा मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. याला जगातलं सगळं येतं, फक्त वेळेवर येत नाही. हिच्या आजारपणात हा मोठ्या डॉक्टरची ओळख काढत होता. ती निघाली तेव्हा ही जाऊन चार दिवस झाले होते. तो म्हणाला, “दाजी, साधा विचार करा. उष्णतेने चिकटलं, उष्णतेनेच सुटणार. इस्त्री आणा.”

मी इस्त्री आणली. का आणली हे मला विचारू नका. घरात कोणी ठामपणे बोलणारं असलं की मी त्यांचं ऐकतो, लग्नापासूनची सवय. मेहुण्याने पदवीवर फडकं ठेवलं, इस्त्री ठेवली आणि मला त्याच्या नव्या धंद्याबद्दल सांगायला लागला. वास आला तेव्हा धंदा अर्ध्यावर होता. फडकं उचललं तर कुलगुरूंच्या सहीवर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग. प्लास्टिक सुटलं नव्हतं, नुसतं फुगलं होतं.

“थोडं सुटलंय,” मेहुणा म्हणाला.

“माझं डोकं सुटलंय,” मी म्हणालो. “घरी जा.”

खरं सांगायचं तर कुलगुरूंना चटका बसल्याचं मला वाईट वाटलं नाही. पदवी देताना ते तासभर बोलले होते. मी आणि ही मागच्या रांगेत होतो. ‘तुम्ही जिथे जाल तिथे हे विद्यापीठ तुमच्या पाठीशी असेल,’ असं ते म्हणाले होते. हिने रुमाल काढला होता. दीड वर्ष मुलगी जिथे जिथे गेली तिथे मला कोणी तिच्या पाठीशी दिसलं नाही. मी एकटा दिसायचो, बाहेरच्या बाकावर, डबा घेऊन.

मुलगी दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

“झालं?” ती म्हणाली.

“तू काहीतरी सांग ना.”

“विचारलंत कुठे? शनिवारपासून वहिनींना विचारलंत, साहेबांना विचारलंत, मामाला विचारलंत. मी रसायनशास्त्र शिकले, बाबा. तीन वर्षं. चिकटवणाऱ्या पदार्थांवर माझा एक अख्खा पेपर होता.”

मग विचारलं. तिने दोन मिनिटांत सांगितलं. आतला थर वितळून कागदात मुरला आहे. पदवीची छपाई आहे तीही उष्णतेने बसवलेली शाई. प्लास्टिक ओढलं की अक्षरं प्लास्टिकबरोबर येणार आणि हातात कोरा कागद राहणार. उपाय एकच, विद्यापीठातून नवीन प्रत.

म्हणजे जे ज्ञान मिळवायला माणसं शंभरात एक निवडून घेतात, ते माझ्या स्वयंपाकघरात तीन दिवस फुकट उभं होतं आणि मी भाच्याची गाडी ऐकत होतो. नोकरी देणाऱ्यांना मी शिव्या देतो. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मी तिला जेवायला वाढतो.

मंगळवारी आम्ही विद्यापीठात गेलो. इमारत अशी, की माणूस आपोआप चप्पल हळू टाकतो. खांब, घुमट, मधोमध घड्याळ. आत प्रमाणपत्रांच्या खिडक्या एक ते नऊ, चालू फक्त सहावी. पावणेदोन तासांनी आमचा नंबर लागला. खिडकीत एक बाई होत्या, चष्मा साखळीला लावलेला. मी पदवी आत सरकवली. ती ताठ असल्यामुळे सरकली नाही, जाऊन त्यांच्या कपावर आदळली.

“काय पाहिजे?”

“नवीन प्रत पाहिजे.”

“कारण?” त्यांनी छापील यादी वाचली. “हरवले, जळाले, फाटले, वाळवीने खाल्ले. कोणतं?”

“प्लास्टिकमध्ये घातलंय.”

“ते यादीत नाही.”

“पण हे चालत नाही ना!”

“अहो, चांगलं धडधाकट प्रमाणपत्र आहे. इतकं चांगलं माझ्या खिडकीला महिन्यात आलं नाही. याची नवीन प्रत कशी देणार?”

मी इस्त्रीचा डाग दाखवला. “हे बघा, जळलंय.”

“जळलं म्हणजे आग लागली पाहिजे. अग्निशमन दलाचा दाखला आणा.”

“इस्त्रीने जळलं हो.”

“मग इस्त्रीचा दाखला कोण देणार?”

मागचा माणूस म्हणाला, “काका, हरवलं म्हणून सांगा ना, पोलिसात तक्रार दिली की झालं.” मला तेही पटलं. म्हटलं, “बरं, हरवलं असं लिहा.”

“आता कसं लिहू?” बाई म्हणाल्या. “मला दाखवायला नको होतंत. आता मी पाहिलं.”

एकतीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन मीटर काढले, बसवले. खोटं रीडिंग कधी लिहिलं नाही. सरकारी जागी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला तयार झालो, तर त्यालाही उशीर झाला होता.

मुलगी पुढे झाली. “बाई, वाळवीचं आणि फाटल्याचं काय लागतं?”

“वाळवीला पंचनामा. फाटलेलं असेल तर फक्त तुकडे जमा करायचे आणि अर्ज.” बाईंनी चष्मा काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. बाई वाईट नव्हत्या. वाईट माणूस असता तर निदान मनासारखं भांडता आलं असतं. “फाडून आणा.”

“इथेच फाडतो,” मी म्हणालो.

“माझ्यासमोर नको! माझ्यासमोर फाडलंत तर हेतुपुरस्सर फाडल्याची नोंद करावी लागेल. जिन्यात जा. सगळे जिन्यातच फाडतात. आणि कात्री लावू नका. कापलेलं वेगळं, फाटलेलं वेगळं.”

आम्ही जिन्यात गेलो. दगडी जिना, भिंतीवर जुन्या कुलगुरूंच्या तसबिरी. मी पदवी दोन्ही हातांनी धरली आणि जोर लावला. काही झालं नाही. गुडघ्यावर ठेवून दाबली, ती वाकली आणि सुटून माझ्या हनुवटीवर बसली. दातांनी प्रयत्न केला. माझे पुढचे दोन बसवलेले आहेत, त्यातला एक हलला. उंदराचं काय झालं असतं ते मला कळलं.

मग मी थांबलो. दमलो म्हणून नव्हे. मला एकदम दिसलं की मी हात धुतलेले नाहीत. सकाळपासून बस, रांग, कठडा, सगळीकडे लावलेले हात. आणि मला इतका राग आला की डोळ्यांसमोर अंधारी आली. विद्यापीठाचा आला, झेरॉक्सवाल्याचा आला, आणि हिचासुद्धा आला. हे सगळं मांडून ठेवून स्वतः निघून गेली. आता फाडा म्हणे जिन्यात.

“बाबा, द्या इकडे,” मुलगी म्हणाली.

तिने घराच्या किल्लीने कडेला खाच पाडली आणि दोन्ही हातांनी ओढलं. लाकूड फुटावं तसा आवाज झाला. वरून तीन मुलं उतरत होती, ती जागीच उभी राहिली.

“ताई, पदवी फाडताय? आंदोलन आहे का?”

“नाही,” मुलगी म्हणाली.

“कुठल्या विषयाची?”

“रसायन.”

“किती वर्षं झाली बेकार?”

“दीड.”

“आमचं सव्वादोन,” त्यातला एक म्हणाला, आणि पिशवीतून स्वतःची काढली. “थांबा, मी पण फाडतो. बातमी तरी होईल.” दुसऱ्याने मोबाइल उभा केला. खालून आणखी चारपाच जण आले. कोणीतरी घोषणा दिली. मी “अहो, आमचं तसं नाही, आम्हाला नवीन पाहिजे” असं ओरडत होतो, पण जिन्यात आवाज घुमतो, सगळ्यांना तीही घोषणाच वाटली. “नवीन पाहिजे! नवीन पाहिजे!” असं सुरू झालं.

पाच मिनिटांत सुरक्षारक्षक आला आणि पुढारी म्हणून माझी कॉलर धरली. केसांचा रंग बघून धरली असावी. आयुष्यात माझी कॉलर कोणी धरली नव्हती. एकदा एका घरात कुत्र्याने पँट धरली होती, पण ते कुत्रं होतं.

मी त्याला सगळं सांगितलं, अगदी बर्फाच्या कप्प्यापासून. त्याने कॉलर सोडली, नीट करून दिली, मुलांना पांगवलं आणि आम्हाला त्याच्या खोलीत बसवून पाणी दिलं.

“माझीपण इथलीच आहे,” तो म्हणाला. “राज्यशास्त्र. एम. ए.”

“आणि इथे पहारा?”

“काका, ते कोणाला सांगू नका. सुरक्षा कंपनीला आठवी पास लागतो. मी आठवीचा दाखला दिलाय. पुढचं कळलं तर काढतील.” मग मुलीकडे वळून म्हणाला, “तुम्ही अर्जात पदवी लिहिलीत?”

“लिहिली,” मुलगी म्हणाली.

“चुकलात,” तो म्हणाला. चेष्टेत नाही, डॉक्टर बोलतात तसं.

तुकडे जमा झाले. बाईंनी ते जोडून पाहिले, ‘नैसर्गिकरीत्या फाटलेले’ असं लिहिलं आणि सांगितलं, नवीन प्रत पंचेचाळीस दिवसांनी. शुक्रवार तीन दिवसांवर. मुलीने पंचेचाळीस मिनिटं खिडकी सोडली नाही. मागची रांग ओरडत होती. शेवटी बाईंनी पावती दिली, त्यावर ‘पदवी खरी असल्याची पडताळणी केली’ असं लिहून शिक्का मारला. मुलीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच तिच्या आईचा हट्ट पाहिला. मला वाटलं, झालं, सुटलो.

शुक्रवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. इस्त्री मी स्वतः केली, मेहुण्याला बोलावलं नाही. प्रयोगशाळेत आस्थापना विभागाचे साहेब होते, टेबलावर काच, काचेखाली त्यांच्या मुलांचे फोटो. त्यांनी पावती वाचली, मान हलवली.

“म्हणजे पदवी खरी आहे.”

“एकदम खरी,” मी म्हणालो.

“मग जरा अडचण आहे. खोटी असती तर काहीच नव्हतं.” त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. “ही जागा प्रयोगशाळा मदतनिसाची. पात्रता बारावी विज्ञान. बाटल्या धुणं, नमुने लावणं, टेबल पुसणं. जादा शिकलेल्या उमेदवाराकडून हमीपत्र घ्यावं लागतं.”

मी मुलीकडे पाहिलं. ती काचेखालचे फोटो बघत होती.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही दूध आणायला गेलात आणि शास्त्रज्ञ सांगून आलात. मग कसं सांगू?”

मी साहेबांकडे वळलो. “बाटल्या धुवायला पदवी लागत नाही ना?”

“नाही.”

“मग आठवडाभर आम्ही तिच्यामागे का धावलो?”

“ती खरी आहे हे सिद्ध झाल्याशिवाय ती वापरणार नाही असं लिहून कसं घेणार?” साहेब म्हणाले. त्यांना यात काही विचित्र वाटत नव्हतं. त्यांनी कागद वाचून दाखवला. ‘मी माझ्या पदवीचा या कार्यालयात कोठेही उल्लेख करणार नाही, तिच्या आधारे वरच्या जागेचा हक्क सांगणार नाही, तसेच प्रयोगशाळेतील तपासणीबाबत मत व्यक्त करणार नाही.’

“मत पण नाही?” मी म्हणालो. “समोर पाण्यात विष दिसलं तर?”

“ते पाहायला आमचे तपासनीस आहेत.”

“त्यांची पदवी कुठली?”

“तो प्रश्न तुमचा नाही.”

मी उभा राहिलो. माझ्या तोंडाला फेस आला असेल. मी म्हणालो, तिच्या आईने डोळे फुटेपर्यंत मशीन मारलं ते मुलीने तोंड शिवून घ्यावं म्हणून नाही. म्हणालो, तुमच्या काचेखाली ही दोन मुलं आहेत, यांनाही शिकवा आणि मग असा कागद द्या त्यांच्या हातात. शेजारच्या टेबलांवरचे लोक उठून बघायला लागले. साहेब चिडले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “साक्षीदार म्हणून पालकाची सही लागते. सव्वाला मी जेवायला जातो. त्यानंतर पुढच्या उमेदवाराला बोलावतो. तो बारावीच आहे.”

मुलीने सही करून टाकली होती. तिने पेन माझ्यापुढे धरलं.

“मी नाही करणार,” मी म्हणालो. “यापेक्षा घरी बस.”

“घरी दिवसभर आईचं मशीन समोर असतं, बाबा,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही पार्कात जाऊन बसता. मी कुठे जाऊ?”

नऊ महिने मी दुपारी पार्कात जात होतो. तिला मी सांगायचो, कामं असतात.

मी पेन घेतलं. सही केली. नात्याच्या रकान्यात ‘वडील’ लिहिलं. त्याखाली ‘शेरा’ म्हणून एक रिकामी चौकट होती. मीटरच्या कागदावरही अशीच असायची, आणि ती रिकामी सोडली की आमचा मुकादम ओरडायचा. मी सावकाश, सुटं सुटं, कोणालाही वाचता येईल असं लिहिलं: ‘उमेदवाराकडे पदवी आहे. पहिल्या वर्गात आहे. हा उल्लेख उमेदवाराने केलेला नाही, मी केला आहे. पाणी तिला विचारून प्यावे.’

साहेबांनी कागद ओढून घेतला, सह्या मोजल्या, एक, दोन, आणि न वाचता खाली शिक्का मारला.

“सोमवारी साडेनऊला या,” ते मुलीला म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “काळजी करू नका, कागद कुठे जात नाही. हमीपत्रं आम्हाला नियमाने तीस वर्षं जपून ठेवावी लागतात.”

“ठेवा,” मी म्हणालो.